हत्याराला नाव ठेवायचं नाही

आमच्या घरात एक नियम होता. हत्याराला नाव ठेवायचं नाही. खाच रुंद झाली, चाकाचा आरा सैल बसला, तर चूक हाताची. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ एवढं वडील म्हणत आणि विषय तिथेच संपे. नियमाला कारण होतं. लाकूड तासायचा आमचा वाकस, आमच्या पटाश्या गल्लीच्या टोकाच्या लोहारानं आमच्यासमोर ठोकलेल्या असत. पोलाद कुठलं, पाणी किती दिलं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असे. अशा हत्याराला दोष देणं म्हणजे स्वतःचा आळस झाकणं.

आम्ही घाटंजीचे सुतार. बैलबंडीची चाकं करणं हे घरचं काम. वडिलांनंतर ते माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आलं. मी शिकून नागपूरला एका वर्तमानपत्रात लागलो. साठ सालानंतर दादाच्या छपरीत विजेची तार आली आणि काही महिन्यांनी मला त्याचं कार्ड आलं: विजेवर चालणारं ड्रिल मिळतं म्हणतात, चांगलं पाहून आण.

त्याला ते कशासाठी हवं होतं हे मला माहीत होतं. चाकाच्या मधोमध बाभळीचा जाड ठोकळा असतो, त्याला तुंबा म्हणतात. त्यात बारा आरे बसतात, म्हणून बारा खाचा कोराव्या लागतात. आधी दोरीनं फिरवायच्या सामत्यानं भोकं पाडायची, मग पटाशीनं खाच चौकोनी करायची. वाळलेली बाभूळ सामत्याला दाद देत नाही. एका तुंब्याला दोन दिवस सहज जात.

नागपूरच्या दुकानात दोन ड्रिल होती. दिसायला जुळी भावंडं. दुकानदारानं दोन्ही उघडून दाखवली. महागड्याच्या आत दांडा बेअरिंगवर फिरत होता. स्वस्तातलं त्याची हुबेहूब नक्कल होतं, स्क्रूची भोकंसुद्धा त्याच जागी. पण आत बेअरिंगच्या ठिकाणी पितळेची साधी कडी होती. “घरात खिळ्या-बिळ्यासाठी भोक पाडायला हे चालेल,” तो म्हणाला. “रोज लाकडात घालणार असाल तर कडी झिजते, दांडा डुलतो.” त्यानं दोन्ही चालू करून दाखवली. महागड्याचा आवाज सलग होता. दुसरं घरघरत होतं. मी महागडं घेतलं.

परतताना यवतमाळला उतरलो. तिथे आमच्या आतेभावाचं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्याचं दुकान होतं. तो लहानपणी चार वर्षं आमच्याच घरी राहिला, वडिलांच्या हाताखाली पटाशी धरायला शिकला आणि पुढे विजेच्या कामाकडे वळला. ड्रिलला लांब वायर जोडून घ्यावी म्हणून मी त्याच्याकडे गेलो. त्यानं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. “माल आनला तुनं,” तो म्हणाला. “ठेवून जाय आठ दिवस. वायर लावतो, पुरं तपासतो. मीच घेऊन येतो घाटंजीले.”

तो आला तो खंडेनवमीच्या दिवशी. वहिनीनं पाटावर हत्यारं मांडली होती. आतेभावानं ड्रिल त्यांच्या शेजारी ठेवलं, स्वतःच्या हातानं त्याला हळद-कुंकू लावलं आणि दादाच्या पाया पडला. दादा त्या दिवशी खूश होता. वहिनी आतेभावाला म्हणाली, “भाऊजी, तुमच्या दादाले आता आरामच आराम. दुपारी झोपा काढन हा मानूस.”

त्या हंगामात दादानं पहिली जोडी केली ती जवळच्या तांड्याच्या नाईकासाठी, तिथल्या म्होरक्यासाठी. तांड्यावरच्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरलेले. आता त्यांची शेती होती आणि कापूस बंडीतून जिनिंगला जाई. चाकाची पारख त्यांना डोळ्यांपेक्षा कानानं जास्त. भोकं पाडताना ती दादाला किंचित रुंद येताना दिसत होती. त्यानं मला ते नंतर सांगितलं. नव्या यंत्रावर दाब कसा द्यायचा हे आपल्याला अजून जमत नाही, असं त्यानं ठरवलं. पटाशी भोकाच्या कडेनं चालते. भोक डावीकडे सरकलं की खाचही सरकते. पाचर मारून आरा घट्ट बसला. चाकाभोवती लोखंडी धाव चढली. चाक गेलं.

उन्हाळ्यात नाईक बंडी घेऊन दारात आला. त्या वेळी मी सुटीवर घरीच होतो. तो खाली उतरला नाही. बैलांना चार पावलं पुढे चालवलं, चाक कुरकुरलं, तसं त्यांना थांबवलं.

“आयकलं काय, मिस्तरी? चाक बोलून राह्यलं तुमचं.”

दादानं बसून एकेका आऱ्याला हात लावला. सहा हलत होते.

नाईक चिडला नाही. तो म्हणाला, “वीस वर्सं झाली, तुमच्या घरचं चाक कधी बोललं नाई. बिमार गिमार होते काय तुमी?”

“नाई,” दादा म्हणाला. “नवीन करून देतो.”

परत आलेलं चाक नवं तयार होईपर्यंत दाराशी उभं ठेवायचं, अशी आमच्याकडे रीत होती. येणारा-जाणारा पाहतो आणि विचारत नाही. दादानं नवं चाक केलं. पावसाळा संपल्यावर तेही बोलायला लागलं. मग बोरी अरबच्या एका शेतकऱ्याचं चाक परत आलं. दाराशी एकाच वेळी दोन चाकं उभी राहिली. वडिलांच्या काळात एकही कधी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढचं मला वहिनीकडून कळलं. दादा रोज सकाळी तांब्या काठोकाठ भरायचा आणि उजव्या हातात धरून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. पाणी सांडतं का, ते पाहायचा. सांडत नसे. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. यवतमाळला जाऊन डॉक्टरांना हात दाखवून आला. त्यांना काही सापडलं नाही. मुक्काम अर्थातच आतेभावाकडे होता. दिवाळीनंतर मला कार्ड आलं: हात गेला. यंदापासून चाकं घेणार नाही. खाटा, पाट, चौकटी करीन. दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

मी पुढच्याच रविवारी घरी गेलो. दादा एका खाटेचा पाय तासत होता. ड्रिल खुंटीवर होतं, कपाळाला कुंकू लावावं तसं त्याच्या पाठीवर कुंकू. मी सहज बटण दाबलं. ते घरघरलं. तो आवाज मी नागपूरच्या दुकानात ऐकला होता, पण मी घेतलेल्या ड्रिलचा नव्हता.

“दादा, हे खोलून पाहू.”

“काहून?”

“आवाज बरोबर नाही.”

“माझा हात बरोबर नाई. त्याले कायले नाव ठेवतं?”

“खोलून तर पाहू.”

“पूजेचं आहे ते. अन् पेपरवाल्यानं कधीपासून सुतारकी चालू केली?”

मी पेचकस घेऊन बसलो. त्यानं अडवलं नाही, पण तो माझ्याकडे पाठ करून बसला. चारही स्क्रूंच्या खाचा आधीच ओरखडलेल्या होत्या. ते कोणीतरी पूर्वी उघडलं होतं. आत पितळेची कडी होती, झिजून लांबट झालेली. मी दांडा धरून हलवला. तो डुलला. मी यंत्र तसंच उघडं दादासमोर ठेवलं आणि दुकानदारानं काय दाखवलं होतं ते सांगितलं. दादानं दांडा एकदा हलवला, दुसऱ्यांदा हलवला. मग विचारलं, “वायर कोनं लावली होती?”

उत्तर त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यवतमाळला गेलो. आतेभावाच्या भिंतीवर एक ड्रिल टांगलेलं होतं. मी ते चालू केलं. आवाज सलग होता. त्यानं नाकारलं नाही. स्वस्तातलं त्यानं आधीच स्वतःसाठी घेतलं होतं. आमचं हाती आल्यावर आतला माल बदलला, कवचं तशीच ठेवली.

“मले दिवसभर काम असते,” तो म्हणाला. “तुमचं वर्साचं चार-पाच बंड्यायचं काम. तेवढ्याले कडी पुरते, असं वाटलं मले.”

“पुरली नाही, हे तुला कधी कळलं?”

तो ड्रिलची वायर गुंडाळू लागला.

“दादा हात दाखवायला आला तेव्हा तुझ्याच घरी जेवला. तेव्हा तरी सांगायचं.”

“कसं सांगू? त्यानं विचारलंच नाई.” मग तो म्हणाला, “मले माहीत होतं, दादा हत्याराले नाव ठेवनार नाई.”

बेअरिंग आणि दांडा त्यानंच काढून दिला. चहाही मागवला. मी घेतला नाही.

दादानं यंत्र स्वतः जोडलं. बाभळीच्या तुकड्यात एक भोक पाडलं. ते सरळ आणि गोल आलं. त्यानं त्यात करंगळी फिरवून पाहिली आणि तुकडा बाजूला ठेवला. नाईकासाठी त्यानं चाकांची नवी जोडी आणि बोरी अरबच्या शेतकऱ्यासाठी नवं चाक केलं, सगळं सामत्यानं आणि पटाशीनं. बंडी दारातून निघाली तेव्हा नाईक बराच वेळ ऐकत राहिला आणि हात जोडून गेला. दाराशी उभी असलेली चाकं दादानं फोडून चुलीला लावली.

पुढच्या खंडेनवमीला पूजेआधी दादानं ड्रिल उघडलं, आत पाहिलं, चारही स्क्रू पुन्हा आवळले, मग कुंकू लावलं. घरचा नियम त्यानं मोडला, असं कोणी म्हटलं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी आतेभाऊ आपट्याची पानं घेऊन आला. दादानं ती घेतली, त्याला आत बसवलं, वहिनीला जेवायचं वाढायला सांगितलं. दोघं कापसाबद्दल बोलले.

चाकं दादा पुन्हा करू लागला. पण मी जेव्हा जेव्हा घरी गेलो, तेव्हा सकाळी तो अंगणात दिसे, उजव्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत.