दुधाळ तेल

मारिबोर शहराजवळच्या टेकडीवर विधवा झ्लाटा एकटीच द्राक्षमळा कसायची. एका सकाळी तिच्या छोट्या ट्रॅक्टरची अवजारं उचलणारी मागची लिफ्ट वर जाईना.

"लिफ्टचा पंप गेला, आई. आता मळा विकूनच टाका," जावई बोयान म्हणाला.

झ्लाटानं लिफ्टचं तेल काढून पाहिलं, तर ते दुधासारखं पांढरं झालेलं. म्हणजे त्यात पाणी होतं. पाऊस तर कधीचा पडला नव्हता आणि ट्रॅक्टर कुलूपबंद शेडमध्ये असायचा; दुसरी किल्ली फक्त लेक-जावयाकडे होती. कुणीतरी मुद्दामच ओतलं होतं.

"बोयान, तुझं काम ना हे?"

तिची लेक नेझा म्हणाली, "मीच सांगितलं त्याला. मळा विक म्हटलं तर तू कुणाचं ऐकतेस का!"

झ्लाटानं फिल्टर धुतला, नवं तेल भरलं. लिफ्ट वर गेली. मग तिनं लेकीपुढे हात केला आणि शेडची किल्ली परत मागितली.