मांडीवरचं जाळं

आईच्या बहिरेपणाच्या दाखल्यासाठी आम्ही रत्नागिरीत तपासणीच्या रांगेत बसलो होतो. शेजारी पावसकडचा एक मच्छीमार होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून तो फाटलेला भाग विणत होता. बोलतानाही त्याची गाठ चुकत नव्हती.

"तुमचा दाखला कायमचा असेल ना?" मी विचारलं.

"होता. पाय तसाच आहे, नियम बदलला. आता सगळ्यांची फेरतपासणी. गावातलं शिबिर पैसे नाहीत म्हणून बंद केलं, मग दोन गाड्या बदलून आलोय. अपंगत्वाचे टक्के उतरले की पेन्शन गेली."

तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला. त्याने जाळं गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं.

"दादा, जरा धरा. हातात काम दिसलं तर म्हणतील, ह्याला कसली गरज?"

वीस मिनिटं ते माझ्याकडे होतं. धडधाकट माणसाच्या मांडीवर ते कुणालाच खटकलं नाही.

तो कुबडी टेकत बाहेर आला. "एक डॉक्टर कमी आहे. सगळ्यांनाच पुढचा बुधवार दिलाय."

जाळं उलगडून त्याने अर्धी राहिलेली गाठ शोधली आणि ती पुरी केली.

"बुधवारी असाल ना?"

"असेन," मी म्हणालो.

"मग हे परत धरा."