मेस्त्रींचे लाल पडदे

कुडाळहून मेस्त्रीवहिनींचा फोन आला तेव्हा मी इकडे आखातात, रुवीतल्या खोलीवर कपड्यांना इस्त्री करत होतो. "बुवा, हे गेले..." एवढंच बोलल्या. वसंत मेस्त्री गावी परतून वर्षही झालं नव्हतं. आज दीड महिन्यानंतर लिहितोय, कारण एक गोष्ट मनात सलते आहे.

मेस्त्री फर्निचरच्या कारखान्यात सुतार. सुट्टीच्या शुक्रवारी खोलीत वाद्यं दुरुस्त करायचे. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, म्हणून मी 'बुवा'. सुराचं काही अडलं की मलाच विचारायचे, आणि मीही मोठा शहाणा! एकदा अल खौदला सलून चालवणारा तुर्की युसूफ वडिलांचा बाग्लामा, म्हणजे त्यांच्याकडचं तंतुवाद्य, घेऊन आला. लांब दांडी, फुगीर पोट, दांडीवर सतारीसारखे, पण नायलॉनच्या दोरीचे बांधलेले पडदे. मेस्त्रींनी पोटावरच्या फळीची, तबलीची, चीर बुजवली आणि मला हाक मारली.

"बुवा, हे पडदे इतके जवळजवळ कित्याक?"

मी पेटीवर सूर ताडून पाहिले. तीन पडद्यांचे सूर पेटीत कुठेच बसेनात. "बेसूर आहेत. कुणीतरी अडाण्याने बांधलेत, उडवा!" मी ठणकावून सांगितलं. मेस्त्रींनी ते कापले. वर दांडी घासून, पॉलिश करून अशी चकचकीत केली की जुन्या खुणासुद्धा उरल्या नाहीत.

युसूफ आला, वाजवू लागला आणि मध्येच थांबला. बोट रिकाम्या लाकडावर पडलं होतं. "मेरा बाबा का हाथ का था," तो म्हणाला. वडील जाऊन वर्षं झाली होती, ते पडदे त्यांनीच बांधलेले. मेस्त्री पटकन म्हणाले, "अर्बाब, शेठ, गलती मेरा है." आणि मी? मी पेटीच्या भात्याची उगाच उघडझाप करत बसलो. लाज वाटते आज.

मेस्त्रींनी त्याला वडिलांचं गाणं म्हणायला लावलं. तो गायचा आणि हे नव्याने बांधलेली दोरी केसाएवढी वर, केसाएवढी खाली सरकवायचे. असे चार शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी युसूफने गाणं पुरं वाजवलं आणि दांडीवर कपाळ टेकून रडला. पुढे मी एकदा त्यांनी अंगावर घेतलेल्या माझ्या चुकीचा विषय काढला, तर मेस्त्री म्हणाले, "गप रे बुवा, चाय पी."

गावी जाण्याआधी त्यांनी फणसाच्या लाकडाचा एक बाग्लामा स्वतः घडवला आणि माझ्या भिंतीवर टांगला. सगळे पडदे पांढरे, तीन मात्र लाल दोरीचे. "हे तुझे," म्हणाले आणि मिशीत हसले.

गेल्या शुक्रवारी तो घेऊन मी अल खौदला गेलो. मेस्त्री गेल्याचं सांगितलं. युसूफ कात्री ठेवून खुर्चीवर बसला. मग मी म्हटलं, "वो परदे मैंने कटवाए थे. मेस्त्रीने नहीं." त्याने बाग्लामा मांडीवर घेतला, लाल पडद्यांवरून बोट फिरवलं, माझा हात धरला आणि माझं बोट एका लाल पडद्यावर ठेवलं. "इधर," म्हणाला, आणि तार छेडली.

पेटीत नसलेला तो सूर माझ्या बोटाखाली वाजला. अगदी सुरेल होता हो, मेस्त्री.