थिनर खाणारे जंतू

बाबा पेंटर होते. इलाइट चौराह्यावरच्या, म्हणजे उत्तरेतल्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या मोठ्या चौकातल्या, दुकानांच्या पाट्या ते रंगवत; फ्लेक्सचे बोर्ड तेव्हा यायचे होते. खंडेराव गेटाजवळ आमच्या घरामागे पत्र्याचा आडोसा होता. तिथे ते थिनरमध्ये ब्रश धूत, मग त्याच थिनरनं कोपरापर्यंत हात चोळत आणि उरलेलं मागच्या मातीत ओतून देत. त्या जागी गवताची काडी उगवत नसे.

मी त्या वेळी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, जिथे तेलाचा, रंगाचा वास येतो तिथली माती आण. मी घरचीच नेली. थिनरच्या वाफेशिवाय खायला काहीच नाही अशा बशीत ती पसरली, आणि तरी काही जंतू वाढले. त्यांना इंडोल नावाचं द्रव्य दिलं तशी त्यांची ठिपक्याएवढी वसाहत निळी पडली. थिनर पचवायला लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, डायऑक्सिजनेज, त्यांच्यात असल्याची ती खूण.

बशी मी घरी आणून बाबांना दाखवली, झाकण पक्कं बंद करून.

"म्हणजे ह्यांना थिनर पचतं?"

"पचतं. थिनरमध्ये सहा कार्बनांची बंद कडी असतात, सहसा न तुटणारी. हे जंतू हवेतल्या प्राणवायूचे दोन्ही अणू एकदम कड्यावर बसवतात, मग कडं फोडतात आणि खाऊन टाकतात."

"शाबास रे पठ्ठे!" बाबा बशीला म्हणाले.

पुढचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण तोवर ते नुसतं पुस्तकातलं होतं. थिनरमध्ये कधी कधी बेंझिन असतं. आपल्या यकृताला जंतूंसारखं जमत नाही. ते प्राणवायूचा एकच अणू चिकटवतं, आणि त्यातून जे तयार होतं ते बेंझिनहून वाईट. ते हाडांच्या मज्जेत जातं, जिथे रक्त बनतं, आणि कधी कधी त्यातून रक्ताचा कर्करोग होतो.

हिवाळ्यातली सकाळ होती. बाबा मोरीवर दात घासत होते आणि पाण्याबरोबर लाल वाहून गेलं.

"ब्रश कडक आहे," ते म्हणाले.

त्यांनी बाही सरसावली तेव्हा दंडावर निळसर डाग दिसले. कुठे आपटले नव्हते. आईनं विचारलं, "काय गं, अशी का बघतेस?" मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या, आजच.

रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. "पेंटर साहब, खून में तीनों तरह के सेल कम हैं। हाथ किससे धोते हैं?"

"थिनर से, और किससे," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय शिकते ते त्यांना ठाऊक होतं. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासावी लागेल, एवढंच ते बोलले.

तपासणी झाली आणि वाट पाहणं सुरू झालं. मी कॉलेजात जायची, पण थिनरच्या बाटलीचं बूच काढायला हात धजत नसे. तो वास म्हणजे माझ्या लहानपणी बाबा घरी आल्याची वर्दी होती. आता तो आला की मी खोलीबाहेर जाऊन उभी राहायची. माझे जंतू मात्र जोमानं वाढत होते. त्यांच्याकडे बघताना मला राग यायचा, कोणावर ते कळत नसे.

एकदा दवाखान्यातून रिक्षानं परतताना बाबा हसत म्हणाले, "तुझ्या त्या पठ्ठ्यांचं विकर माझ्या अंगात नाही का घालता येणार?"

"नाही हो बाबा."

"बरं." रिक्षाचा दांडा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं, न सांगताच त्यांना सगळं कळलेलं होतं.

निकालाच्या दिवशी आई घरीच देवापाशी बसली. डॉक्टर म्हणाले, "कैंसर नहीं है।" मला ऐकू आलं, पण पटलं नाही. मी दोनदा विचारलं. मज्जा धडपडत होती, पण रक्त पुरं घडवायला लागणारं बी-बारा जीवनसत्त्वच अंगात नव्हतं. बाबा पक्के शाकाहारी, आणि पोट बिघडतं म्हणून दूध-दही कधीचं सोडलेलं. सुया घ्या, बरे व्हाल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाबा उठले तसं डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. "थिनर छोड़ दीजिए। इस बार वो नहीं था, बस इतना समझिए।"

रक्त हळूहळू भरत गेलं. हिरड्यांतून रक्त येणं थांबलं, दंडावरचे डाग पिवळे होऊन गेले. बाबा पुन्हा शिडीवर चढले. हात मात्र सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल आणि साबण लावून धुऊ लागले. मीही हातमोजे घालून काम पुरं केलं.

चौराह्यावरच्या बाकीच्या पेंटरांना ते समजावत फिरले. "अरे भैया, ये चीज हड्डी तक जाती है।" बहुतेक हसले. एक जण म्हणाला, "चाचा, आपको तो कुछ हुआ नहीं।" घरी येऊन बाबांनी ते मला सांगितलं. त्यानंतर चौराह्यावरून जाताना शिडीवर कोणी दिसला, की मी त्याच्या दंडांवर निळसर डाग आहेत का ते बघायची.