खटकेवाले चाचा

चाचा विजेच्या कामाला कधी दोन हात लावत नसत. उजव्या हातात पक्कड आणि डावा हात खाकी कोटाच्या खिशात. भर वैशाखातही कोट अंगात असायचाच, कारण सदऱ्याला खिसा नव्हता. मी वाशीमला नर्स म्हणून नवी आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याचा हात अधू आहे. एकदा कीव येऊन त्यांची शिडी धरायला गेले, तर त्यांनी तोच हात बाहेर काढून मला थांबवलं. "दूर राहा, सिस्टरबाई. एका हाताले झटका बसला त हात जळते. दोन्ही हात लावले त झटका छातीतून जाते."

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गावात वीज होती ती एका जिनिंग फॅक्टरीच्या इंजिनावरची, मोजक्या घरांपुरती. त्या घरांचं वायरिंग चाचांचं. कोणतंही यंत्र दिसलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "हे बंद कसं करता?" एका व्यापाऱ्याने पिठाची गिरणी आणली, हार घातला, नारळ फोडला, गिरणी सुरू झाली. गर्दीतून चाचांनी प्रश्न टाकला. मालक नोकराकडे पाहतोय, नोकर मालकाकडे! शेवटी पट्टा उतरवायला फॅक्टरीतून माणसं आणावी लागली. "चालू त कोनीबी करते," असं म्हणून चाचा घरी गेले. तेव्हापासून ते खटकेवाले चाचा झाले.

खटका म्हणजे चिनी मातीच्या मुठीचा मोठा स्विच. तो ते दाराशीच बसवत, आणि किती उंचीवर, ते घरधन्याला विचारत नसत. घरातल्या बाईला हात वर करायला सांगत आणि तिची बोटं पोचतील तिथे खडूने खूण करत. पुरुषमंडळी हसायची. चाचा म्हणत, "सैपाकघरात तुमी राह्यता का?"

आमचं प्रसूतिगृह लहानसं, एका वयस्कर डॉक्टरीणबाईंचं. रात्रंदिवस गरम पाणी लागे. ते काम यमुना आयाचं. नवऱ्याने टाकलेली, आसेगावची, माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा शंभर पटींनी हसरी. चुलीच्या धुराने तिचे डोळे कायम लाल. म्हणून बाईंनी नागपूरहून पाणी तापवायची विजेची सळई मागवली आणि चाचांनी ती मोठ्या टाकीत बसवली. पण बाळंतिणीच्या गडबडीत पाण्याकडे लक्ष कोण देणार? एकदा टाकी उकळून कोरडी पडायची वेळ आली. तेव्हा चाचांनी आठ दिवस खपून एक जुगाड केलं. पितळेची आणि लोखंडाची पट्टी पाठीला पाठ लावून जोडली. पाणी तापलं की पट्टी वाके, तार सुटे, वीज बंद. पाणी निवलं की पट्टी सरळ होई आणि वीज पुन्हा सुरू. पहिल्यांदा 'टक्' आवाज आला तेव्हा यमुनाने टाळ्या वाजवल्या.

"चाचा, हे त मानसापरीस हुशार हाय!"

"हुशार नाही, बेटा. ते फक्त वाकते." चाचांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी तिला खटक्यापाशी नेलं. "आयक. पट्टी एकच तार सोडते. खटका दोन्ही तारा सोडते. पान्यात लोटा घालाच्या आंदी खटका पाडजो. पट्टीनं टक् केलं तरी पाडजो." मग त्यांनी तिच्याकडून पाच-सहा वेळा ते करवून घेतलं. पुढेही येता-जाता दारात उभे राहून ती खटका पाडते की नाही ते पाहत.

ती पाडायची. पण पाणी काढल्यावर तो पुन्हा वर करायला विसरायची, आणि ऐन वेळी पाणी गार. मी त्या काळी फार तापट होते. अमरावतीला शिकून आल्याचा ताठा होता. एका सकाळी अडलेली बाई टेबलावर आणि टाकीत थंडगार पाणी. मी यमुनाला सगळ्यांदेखत झापलं.

"चाचानं सांगतलं व्हतं, खटका पाडजो म्हून," ती पुटपुटली.

"दवाखाना चाचांचा आहे का? आपोआप बंद होतं ना ते? मग उगाच हात लावू नकोस."

एवढ्यावर मी थांबले नाही. गॉजची पट्टी घेऊन खटक्याची मूठ वर, चालू बाजूलाच, बांधून टाकली. चार दिवस पाणी गरम मिळालं आणि मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी वावटळीत खांबावरच्या तारा तुटल्या. फॅक्टरीच्या माणसांनी त्या घाईत जोडल्या, पण उलट्या. जिवंत तार पट्टीच्या वाट्याला यायची ती दुसरीकडे गेली, म्हणजे पट्टीने टक् केलं तरी सळईत वीज राहणार. विहिरीच्या जड पाण्याने सळईवर खार चढून तिला भेगही पडली होती. हे सगळं मागाहून कळलं. दुपारी पट्टीने टक् केलं, यमुनाने पितळी लोटा पाण्यात घातला, आणि मला "सिस्ट..." एवढंच ऐकू आलं.

मी खटक्याकडे धावले. गाठ सुटेना. आम्हाला शिकवलेली पक्की गाठ ती, माझ्याच हातची. मी नखांनी ओढत होते, ओरडत होते. समोरच्याच आपल्या दुकानातून चाचा धावत आले. पकडीने गॉज कापला, खटका पाडला. यमुनाला आम्ही खाली निजवलं. मी बराच वेळ तिची नाडी धरून बसले, पण ती गेली होती.

मान वर केली तेव्हा चाचा कापलेला गॉज गोळा करून खिशात घालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोलीस आले तेव्हा ते म्हणाले, "पट्टी माह्यी, चूक माह्यी." मी शेजारीच उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

खटला झाला नाही, पण गावाने आपला निकाल दिला. चाचांना कुणी कामाला बोलावेना. ज्यांच्या घरात त्यांचे खटके होते, तेही दुसरा वायरमन शोधू लागले. चाचा दुकानात बसून कंदील दुरुस्त करू लागले. महिनाभराने मी गेले. म्हटलं, "चाचा, मी सगळं सांगून टाकते."

"कायले?" ते कंदिलाची वात कापत राहिले. "मी नसलो त गावात कंदील जळतीन. तुमी नसल्या त बाया मरतीन. तुमच्याबिगर गावात दुसरी सिस्टर हाय कुठी?"

खोटं कशाला सांगू? मला तेच ऐकायचं होतं. मी हलक्या पावलांनी घरी आले, आणि त्या हलकेपणाची मला आजही किळस येते.

यमुनाची म्हातारी आई महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराला यायची. आधी चाचांच्या दुकानासमोर उभी राहायची, "माह्यी पोर खाल्ली तुनं" म्हणून शिव्या द्यायची आणि उंबऱ्यावर थुंकायची. चाचा दर वेळी काम बाजूला ठेवून उठून उभे राहत. ती थकेपर्यंत हात जोडून ऐकत. मग पाणी आणून उंबरा धुऊन पुन्हा बसत. मी हे दोनदा पाहिलं. त्यानंतर बाजाराच्या दिवशी मी मागच्या गल्लीने जाऊ लागले.

अशी दोन वर्षं गेली. चाचा साध्या तापाने गेले. मातीला फारशी माणसं नव्हती म्हणे. मी गेले नव्हते. चौथ्या दिवशी मात्र मोटारीत बसून आसेगावला गेले. म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. मी तिला गॉज, गाठ, चाचांचा जबाब, सगळं सांगितलं. मला वाटलं, ती सूप माझ्या अंगावर फेकेल. मी त्याचसाठी गेले होते.

तिने सूप खाली ठेवलं.

"दोन साल थुकली मी त्याच्या दारावर," ती म्हणाली. "तो उभा राहे, हात जोडे. मले वाटे, पापी हाय म्हून जोडते."

मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले.

"तू माह्यी माफी मांगाले आली. अन् मी कोनाची मांगू? तो त मातीत गेला. सांग ना, बाई, मी आता कोनाची मांगू?"