आहेराच्या वहीतले धनको

वकिलीच्या दुसऱ्याच वर्षी मी माझ्या सख्ख्या मामूंचं दिवाळं काढलं. घरात अजून असंच म्हणतात, आणि मीही आता कुणाला दुरुस्त करत बसत नाही.

मामूंचा मलकापूरला मंडपाचा धंदा होता. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं आपल्या मांडवाखाली लागली, असं ते सांगायचे. मी एक तृतीयांश धरते. मग टाळेबंदी आली, लग्नं घरातल्या घरात उरकू लागली, आणि कर्ज काढून घेतलेले नवे गालिचे उंदरांनी वापरले. मामूंनी बाहेर पडणंच सोडलं. ज्या माणसाशिवाय गावात कार्य होत नव्हतं, तो पत्रिका आली की "तब्येत बरी न्हाई" म्हणून दार लावून घ्यायचा. मला कर्जापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

म्हणून एक दिवस मी त्यांना कायदा समजावायला बसले. पूर्वी बुडालेल्या माणसाला तुरुंगात टाकायचे. पुढं कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की कोठडीतला माणूस दमडीही कमवत नाही. तेव्हापासून रीत बदलली: जे आहे ते सगळं कोर्टापुढं ठेवायचं, काही लपवायचं नाही, सगळ्या धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, सारख्या प्रमाणात वाटून द्यायचं, आणि उरलेलं देणं कोर्टानं पुसायचं. पोट भरायची हत्यारं आणि स्वयंपाकाची भांडी तर कुणी नेऊच शकत नाही. कंपन्यांसाठी आता नवा कायदा आलाय, मामूंसारख्या साध्या माणसाला मात्र अजून इंग्रजांच्या काळातलाच पुरतो.

मामूंनी एवढंच विचारलं, "समद्यांची नावं द्याची? एक बी सोडायचं न्हाई?"

"एकही नाही. लपवलं तर अंगाशी येईल," मी ऐटीत म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी यादी आणून दिली. पहिल्या पानावर फायनान्सवाले, कापडवाला, झुंबरवाला, सगळं नीटनेटकं होतं. मागची पानं मी तशीच जोडली, शपथपत्रावर त्यांची सही घेतली आणि साताऱ्याला अर्ज दाखल केला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझ्यासारख्या दीडशहाणीनं चढायचीच असेल तर निदान दुसरं पान वाचावं.

कारण दुसऱ्या पानापासून मामूंच्या मुलीच्या लग्नातली आहेराची वही उतरवलेली होती. आमच्याकडं आहेर म्हणजे नुसती भेट नव्हे. कुणी एकशे एक घातले, कुणी टॉवेल-टोपी दिली, ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की जाऊन थोडं चढवून परत करायचं. मामूंच्या मते याहून पक्कं देणं जगात नव्हतं. त्यामुळं 'धनको क्रमांक सत्तेचाळीस: स्टीलचा डबा, झाकणासह' हे शपथेवर कोर्टात गेलं.

कायद्यानं प्रत्येक धनकोला नोटीस जाते. दोनशे अकरा नोटिसा गेल्या, खर्च अर्थात माझ्या पर्समधून. मामूंचा एक जुना दोस्त तर माझ्या दारात येऊन ओरडला, "आवं, एकावन्नच घातलं म्हणून कोरटात खेचलं व्हय?"

तारखेला लोक टेम्पो करून आले. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून विचारलं, "हे सगळे धनको?" मी जमिनीकडं बघत होय म्हटलं. बाहेर मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, 'आमचं काही घेणं नाही' एवढंच म्हणा. त्याप्रमाणं एकेक जण पुढं येऊन म्हणू लागला. माझी चूक भराभर निस्तरली जात होती आणि मी मनातल्या मनात उड्या मारत होते. मग माझं लक्ष मामूंकडं गेलं. दर माफीला त्यांची मान आणखी खाली जात होती. घेणं नाही म्हणजे त्या घरी फेडायला जाणंही नाही, हे त्यांना कळत होतं आणि मला तोवर कळलं नव्हतं. मला रडूच आलं.

एवढ्यात पोळ्या करणारी बाई उभी राहिली. मामूंच्या मंडपामागं चुलीशी बसून तिनं कितीतरी वर्षं पोळ्या लाटल्या होत्या.

"माजं सोडायचं न्हाई, बाईसायेब. फुडल्या म्हैन्यात माज्या लेकीचं लगीन हाय. शेटनी सवता येऊन फेडायचं."

न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, "आदेश झाला की हे देणं कायद्यानं पुसलं जाईल."

"कायद्याला पुसायचं ते पुसू द्या. ह्ये आलं न्हाईत तर म्या दारात जाऊन बसंन."

मी काहीतरी कायदेशीर बोलायला तोंड उघडलं, पण मामूंनी मला हातानं गप्प केलं. कित्येक महिन्यांनी मान वर करून, भर कोर्टात, त्यांनी तिला विचारलं, "मंडप कुणाला सांगितलाय गं?"