उजवो काय डावो

जायच्या आदल्या दिवशी सकाळी आनंदीने, माझ्या बायकोने, मला शेवटचं विचारलं. मी मालवणात जाऊन तिची औषधं घेऊन आलो होतो. पायरीवर चपला काढतोय तोवर आतून, खाटेवरून आवाज आला, "उजवो काय डावो?" आमच्या घरात ह्याचा अर्थ एवढाच, की ज्या कामाला गेलात ते झालं की नाही. मी नेहमीसारखं म्हणालो, "गावली औषधा." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, अजून काही ऐकायचं असल्यासारखी... मग डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. त्याला आता दीड महिना होईल.

मी तिसरी शिकलेला माणूस. जन्मभर होड्या बांधल्या. माझ्या हातची होडी वीस-वीस वर्षं दर्यात फिरली आणि एकानेही परत आणून दाखवली नाही, की बाबा, हिच्यात पाणी येतं. लिहिण्याची सवय नाही. नात म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको. मी लिहितो, तू फक्त शुद्धलेखन बघ, शब्द बदलायचा नाही.

आनंदी पणजीची. तिचं माहेर तिथल्या माळा नावाच्या भागात, डोंगराच्या पायथ्याला. लग्नानंतर दोन वर्षांनी, थोरली मुलगी आठ महिन्यांची असताना, आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो. मालवणातून आगबोट, मध्ये वेंगुर्लं, मग पणजीचा धक्का. तेव्हा तिथे पाखल्यांचं राज्य, म्हणजे पोर्तुगीजांचं. धक्क्यावर शिपायाने आमची ट्रंक उघडून मुलीची दुपटीसुद्धा झटकून बघितली. पण गाव देखणं, खोटं कशाला बोला. पिवळी, निळी, लाल घरं, रस्त्यावर आलेले सज्जे, गल्लीचं नाव निळ्या फरशीवर लिहिलेलं. संध्याकाळी बागेत बँड वाजायचा आणि बायकामुलं नुसती ऐकायला येऊन बसायची. राजवाड्याजवळ एका माणसाचा काळा पुतळा, खाली पडलेल्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा. आमची मुलगी तो बघून एवढी रडली, की आनंदीला हसू आवरेना. सफेद चर्चच्या नागमोडी पायऱ्या ती मुलीला कडेवर घेऊन भराभर चढली आणि वरून मला म्हणाली, "येवा वर. हय रवल्यार आमचा घर दिसता." तिला मी तेवढी खुशीत पुन्हा कधी बघितली नाही. आमच्या गावात ती हळू चालायची.

हे सगळं आम्हाला दाखवलं तिच्या भावाने, वासूने. तो सरकारी कचेरीत कारकून. टाय, टोपी, चकचकीत बूट. तिसऱ्या दिवशी तो आम्हाला आणि सासूला फोटो काढायला घेऊन गेला. आत पडद्यावर तळं आणि महाल रंगवलेला. तीन स्टुलं मांडली. मी बसणार तेवढ्यात वासूने आपला कोट काढला आणि माझ्यापुढे धरला.

"भावजी, हो घालात. फोटो आमच्या कचेरीतले लोक बघतले."

मी म्हटलं, "माझो सदरो धुतललो आसा."

"तसो नाय... पण सदऱ्यार तुमी आमच्या घरचो गडी दिसतले." आणि हसला. फोटोवालाही हसला.

मी वळलो आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सासू मागोमाग आली. माझा हात धरून म्हणाली, "जावयबापू, पोर येडो आसा. मनार घेव नकात. माझ्याखातर या." मी हात सोडवून घेतला. आत फोटो निघाला तो तिघींचा, सासू, आनंदी, तिच्या मांडीवर मुलगी. तिसरं स्टूल तसंच रिकामं आलं.

पंचावन सालच्या वैशाखात पणजीहून पत्र आलं. आईचं अंग एका बाजूने गेलंय, नातीला घेऊन एकदा या. आनंदीने पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, "जावया?" नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. हो म्हणायला मन नव्हतं. मी म्हणालो, "देवाक इचारतंय."

आमच्याकडे मोठी गोष्ट करायची तर ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव भिजवलेल्या कळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. दुपारची वेळ, देवळात मी आणि बाबी गुरव, दोघंच. मला वाटलं होतं, देव नाही म्हणेल. म्हणजे नकार माझा होणार नाही, वासूला कळणारही नाही की मला लागलंय. गाऱ्हाणं संपलं न संपलं, टपकन उजवी पडली.

मी म्हटलं, "परत लाव."

बाबीने नाइलाजाने लावली. परत उजवी.

"आता तिसऱ्यांदा नको," बाबी म्हणाला. "देवाची थट्टा होता."

"घराकडे मी काय सांगतंय, त्येच्यात तू पडा नको."

"माझा काम कळ्ये लावचा," तो म्हणाला. "सांगूचा तुझा."

घरी आलो तर आनंदीने ट्रंक खाली काढली होती. मुलीचे दोन झगे आत घातले होते. तिने वर बघून विचारलं, "उजवो काय डावो?" मी म्हणालो, "डावो." तिने झगे बाहेर काढले, एकेकाची घडी पुन्हा नीट केली. "देवाच्या पुढे कोणाचा काय चालता," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी मनात म्हटलं होतं, राग उतरला की दिवाळीनंतर नेऊ. पण त्याच पावसात सरहद्द बंद झाली. आगबोट वेंगुर्ल्यालाच थांबायला लागली. पत्रंसुद्धा फिरून फिरून, कधी यायची, कधी नाही. एकदा मी तिला आरोंद्याला घेऊन गेलो. मधे खाडी, पलीकडच्या काठावर गोवा. माणसं ओळखू यावीत एवढंच अंतर. पलीकडे बंदूकवाला पाखला सावलीत बसलेला. आनंदी काठावर उभी राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "चला. थय नुसते माड दिसतत." परतीच्या वाटेवर मला वाटत होतं, हिची वाट पाखल्याने बंद केली असं ती समजते, बरं आहे.

चौथ्या वर्षी सासू गेली. चोरवाटेने आलेल्या एका माणसाने सांगितलं तेव्हा दीड महिना उलटून गेला होता. आनंदीने डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी पडवीत बसून राहिली. मी समोर होडीची फळी वाकसाने तासत होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, आता सांगून काय, म्हातारी काय उठून बसणार?

तोवर आनंदीला ती सवय लागलीच होती. मी कुठूनही आलो, मासळीबाजारातून, लाकडाच्या वखारीतून, की पायरीवरच विचारायची, "उजवो काय डावो?" मुलं हसायची, मग मुलंही म्हणायला लागली. मी मात्र कधी उजवो म्हटलं नाही. माझ्या तोंडून तो शब्द येत नसे. गावला, नाय गावला, एवढंच.

गोवा सुटला आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही एसटीने गेलो, तीन मुलांना घेऊन. पणजी तीच होती. मुलं चर्चच्या पायऱ्यांवर धावली. धाकटा त्या काळ्या पुतळ्यासारखे हात पसरून बहिणीला घाबरवत होता. वासू सदऱ्यावर होता. टोपी नव्हती, टायही नव्हता. घरात भिंतीवर तो फोटो, रिकाम्या स्टुलासकट. वासू बहिणीला म्हणाला, "आगबोट बंद जाली तरी आई भोंग्याची वाट पळयत दारात बसताली." आनंदीने फोटो उतरवून पदराने पुसला आणि पिशवीत घातला.

परत येताना मांडवीच्या फेरीबोटीत मुलं कठड्याला लटकली होती. आम्ही दोघं ट्रंकेवर बसलो. पाण्याकडे बघत आनंदीने हळूच विचारलं, "उजवो काय डावो?" तेव्हा कुठलंच काम नव्हतं. कुठे जाऊन आलो नव्हतो. मी समजलो की समजलो नाही, आज सांगता येत नाही. तोंड उघडलं होतं एवढं आठवतं... तेवढ्यात फेरी बेतीच्या धक्क्याला आपटली आणि मी म्हणालो, "पोरांका धर."

त्यानंतर चाळीसेक वर्षं.

अकराव्या दिवशी बाबी गुरवाची बायको भेटायला आली. बाबी जाऊन खूप वर्षं झाली. ती माझ्याच वयाची, काठी टेकत आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊ, रागावशात तर रागावा. पंचावन सालात तुम्ही कौल लावून गेलात ना, त्येच्या दुसऱ्या दिवशी वयनी आमच्याकडे इली. ह्यांका इचारल्यान, खरोच डावो पडलो? ह्यांका देवाच्या कौलाबद्दल खोटा बोलाक येयना."

"मगे?"

"मगे काय. जाताना म्हणाली, कोणाक सांगा नको. मी त्यांका इचारीत रवतलंय. ते आपणच सांगतले." म्हातारीने काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "इचारल्यान काय तुमका कधी?"

मी म्हटलं, "इचारल्यान."

तिने कधी कोणावर राग धरला नाही, असं लोक दहाव्याला बोलत होते. खरं असेल. मी कोणापुढे वाकलो नाही हे मी गावात ताठ मानेने सांगत आलो. एकीने मला रोज एक वाट मोकळी करून दिली आणि मी रोज त्या वाटेवरून बांगडे, खिळे, औषधं घेऊन घरात शिरलो.

फोटो तिच्या खाटेच्या वर भिंतीला आहे. खाट मी हलवू दिली नाही. काल बाजारातून आलो, पायरीवर चपला काढल्या आणि थांबलो. पाय आपोआप थांबतात. आत कोणी नव्हतं, म्हणून म्हणालो, "उजवो गो. दोनय वेळा उजवोच पडललो..."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हणालात, बाबा?"

मी पिशवी पुढे केली. "काय नाय. बांगडे गावले."